चार हजार वर्षांपूर्वीची उधारी

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी मी एखादी पाककृती लिहून द्यावी, असे चिटणीसबाईंनी मला सुचविले होते. परंतु भाजणीचे प्रमाण मंडळात सर्वांनाच पाठ आहे. ते मी नव्याने काय सांगणार? गेली सहा वर्षे मंडळाच्या उद्योग विभागाची उधारीची वही माझ्याकडे आहे. तेव्हा लिहायचे तर उधारीवरच लिहावे, असे मी ठरविले. विषय रुक्ष वाटेल, पण भगिनींनो, थोडा धीर धरून वाचा. या रुक्ष विषयात माणसांची मने कशी गुंतलेली असतात, हे मला स्वतःच्या अनुभवाने कळले आहे.

ती वही माझ्याकडे कशी आली, ते आधी सांगते. सहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीत एका दुकानदाराने आपल्याकडून भाजणी, मेतकूट आणि चकल्या असा माल तीन-चार वेळा उधारीवर नेला. आपल्या चिठ्ठ्या एका बिस्किटांच्या डब्यात पडलेल्या असत. तुळशीचे लग्न झाल्यावर पैसे मागायला गेलो, तर तो म्हणाला, एका खेपेचे पैसे मी केव्हाच दिले. तुमच्यातल्याच एक बाई येऊन घेऊन गेल्या. कोणत्या खेपेचे, किती, कोणत्या दिवशी, हे त्यालाही सांगता येईना आणि आम्हालाही नाही. चिठ्ठीवर सही नव्हती, पावती दिलेली नव्हती. वसुलीला नेहमी जाणाऱ्या वहिनींकडे सर्वांच्या नजरा वळल्या. तोंडाने कोणी काही बोलले नाही. पण न बोललेलेही कळतेच. पुढच्या महिन्यापासून त्या वहिनी मंडळात येईनाशा झाल्या. पैसे अडकले याचे दुःख होतेच, पण इतक्या वर्षांच्या मैत्रिणी एकमेकींकडे संशयाने पाहू लागलो, ते दुःख त्याहून मोठे होते.

त्या सुमारास माझी मुलगी कॉलेजात इतिहास शिकत होती. मी डब्यातल्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरून बसले असता ती म्हणाली, “आई, तुझ्यासारखीच एक बाई चार हजार वर्षांपूर्वी अशीच हिशेब जुळवत बसली होती. तिची पत्रे अजून आहेत.” मला ती थट्टाच वाटली. पण तिने पुस्तके आणून रोज रात्री थोडे थोडे मराठीत करून सांगितले, आणि मी ऐकत गेले. जे ऐकले ते येथे सांगते.

आजच्या इराक देशाच्या उत्तर भागात, तैग्रिस नदीच्या काठी, अश्शूर नावाचे नगर होते. तेथील व्यापारी इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातील कानेश या गावी व्यापार करीत. अंतर हजार किलोमीटरांहून अधिक. गाढवांचे तांडे माल घेऊन निघत आणि सुमारे सहा आठवड्यांनी पोहोचत. माल दोन प्रकारचा असे : एक कथील आणि दुसरे लोकरी वस्त्र. ज्या कथिलाने आपल्याकडे पितळेच्या भांड्यांना कल्हई लावीत, तेच कथील. तेथे ते तांब्यात मिसळून कांसे करीत. कथील अश्शूरमध्ये पूर्वेकडून येई. वस्त्रांपैकी काही दक्षिणेकडून विकत आणलेली असत, पण कितीतरी वस्त्रे अश्शूरमधल्या बायका स्वतःच्या घरी विणीत. सूत कातणे, विणणे, मापाला उतरविणे हे सारे घरातल्या बायका, मुली आणि दासी करीत. नवरा किंवा भाऊ कानेशला राहून ती विकी आणि त्या बदल्यात चांदी परत पाठवी. त्या काळी नाणी नव्हती. चांदी तोलून देत-घेत. साठ शेकेलांचा एक मीना, आणि एक मीना म्हणजे आपला सुमारे अर्धा किलो.

आता हे सारे आपल्याला कसे कळले? कानेशची जागा आज क्युल्तेपे या नावाने ओळखली जाते. ती कायसेरी शहराजवळ आहे. १९२५ साली बेद्रिख ह्रोझनी या चेक पंडिताने व्यापाऱ्यांच्या वस्तीची जागा शोधून काढली. पुढे १९४८ पासून तहसीन ओझ्ग्युच या तुर्की संशोधकाने तेथे अनेक वर्षे खणती केली. व्यापाऱ्यांच्या घरांतून वीस हजारांहून अधिक मातीच्या पाट्या निघाल्या. ओल्या मातीवर टोकदार काडीने अक्षरे उमटवायची आणि पाटी वाळवायची, अशी ती लिहिण्याची रीत. त्या पाट्यांत राजांच्या लढाया फारशा नाहीत, देवांच्या कथाही फारशा नाहीत. आहे ते बहुतेक देणे, घेणे, येणे बाकी आणि त्यावरून झालेली बोलाचाली. २०१५ साली युनेस्कोने या दप्तराचा जगाच्या स्मृतिठेव्यात समावेश केला. म्हणजे भगिनींनो, उधारीच्या चिठ्ठ्यांनाही असा मान मिळू शकतो. फक्त त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवून चालत नाही!

या पाट्यांत बायकांनी पाठविलेली आणि बायकांना आलेली पत्रे पुष्कळ आहेत. सेसील मिशेल या फ्रेंच विदुषींनी ती गोळा करून २०२० साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतली लमस्सी ही बाई मला अगदी ओळखीची वाटली. तिचा नवरा पूशू-केन हा कानेशमधला मोठा व्यापारी. तो वर्षानुवर्षे तिकडे, ही इकडे अश्शूरमध्ये घर, मुले आणि माग सांभाळून. एका पत्रात ती नवऱ्याला कळविते की, कुलुमाया तुमच्यासाठी नऊ वस्त्रे आणीत आहे, इद्दिन-सिन तीन आणीत आहे, आणि अमक्याने वस्त्रे न्यायला नकार दिला. म्हणजे कोणाबरोबर किती नग निघाले, हे तिने नावानिशी लिहिले आहे. मग तिचा राग बाहेर पडतो. तुमची वस्त्रे चांगली नसतात, असे तुम्ही सारखे का लिहिता? तुमच्या घरात राहून माझ्या कापडाला नावे ठेवणारा हा माणूस आहे तरी कोण? मी तर प्रत्येक खेपेला निदान दहा शेकेल चांदी तुमच्या घरात यावी म्हणून धडपडते आहे, असे तिचे म्हणणे.

दुसऱ्या एका पत्रात ती म्हणते की, वस्त्र लहान झाले अशी तक्रार तुम्ही करता, पण ते लहान करा असे तुम्हीच लिहिले होते ना? आणखी एका पत्रात कळविते की, मुलगी मोठी झाली, घरातल्या माणसांसाठी आणि मुलांसाठीही विणावे लागले, म्हणून तुमचे कापड राहिले, रागावू नका. आणि आपल्यासारखाच एक टोमणाही मारते. तुम्ही गेल्यापासून शलीम-अहुमने घराचे बांधकाम केलेसुद्धा. आपण कधी करणार? हे ऐकून मी आणि माझी मुलगी खूप हसलो. पण हसता हसता मला त्यातली एक गोष्ट लागली. नवऱ्याकडूनही बाईचे येणे असू शकते, आणि ते तिला मागावे लागते. घरच्या माणसाकडे काय मागायचे, असे म्हणून ती गप्प बसली नाही. कारण विणलेल्या वस्त्राची चांदी ही तिच्या कष्टाची होती, आणि त्याच चांदीतून पुढची लोकर विकत घ्यायची होती. भांडवल परत आले नाही तर माग थांबला.

तराम-कूबी नावाच्या दुसऱ्या एका बाईचे पत्र तर काळजाला हात घालणारे आहे. तिचा नवरा इन्नाया. ती त्याला लिहिते की, जाताना तुम्ही एक शेकेल चांदीसुद्धा मागे ठेवली नाहीत, घर रिकामे करून गेलात, आणि येथे नगरात भयंकर टंचाई पडली आहे. घरात धान्य नाही, आणि वर तिच्यावरच उधळपट्टीचा ठपका. अशा वेळी आपण काय पाठविले आणि काय आले, हे ज्या बाईजवळ लिहिलेले असेल, तिलाच उत्तर देता येते.

या लोकांची हिशेबाची पद्धत कशी होती, ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. एक तांडा निघाला की त्याचे तीन प्रकारचे कागद (म्हणजे पाट्या) होत. पहिला करार : अमुक माल अमुक माणसाच्या स्वाधीन साक्षीदारांसमक्ष केला. दुसरे पत्र : तो माल ज्याला मिळायचा त्याला आगाऊ कळविणे की, अमक्याबरोबर इतकी वस्त्रे आणि इतके कथील निघाले आहे. तिसरा हिशेब : माल पोहोचल्यावर तिकडच्या माणसाने उलट कळवायचे की, इतके पोहोचले, इतके करापोटी गेले, इतके विकले, वाटखर्च इतका झाला आणि बाकी चांदी इतकी. कानेशचा राजा वस्त्रांवर वीसांत एक असा कर घेई. त्यामुळे निघालेला आणि विकलेला आकडा कधीच सारखा नसे. मधली तूट कोठे गेली, हे तिसऱ्या पाटीवरूनच कळे. पुझुर-अश्शूर नावाच्या व्यापाऱ्याने वक्कुर्तुम या बाईला पाठविलेल्या पत्रात तर वस्त्राचे मापही आहे : लांबी नऊ हात, रुंदी आठ हात. मागणी अशी लेखी असली म्हणजे पुढे “आम्हाला असे नको होते” असे म्हणायला जागा राहत नाही.

उधारीची पाटी वेगळी असे. कोणाचे कोणाकडे किती येणे, किती आठवड्यांत द्यायचे, मुदत टळली तर व्याज किती, महिना-वर्ष आणि साक्षीदार, इतका मजकूर तिच्यात असे. आपसांतल्या उधारीवर व्याजाचा रूढ दर साठ शेकेलांना दरमहा दीड शेकेल, म्हणजे सालाना शेकडा तीस होता. पाटी तयार झाली की तिच्यावर मातीचेच पाकीट चढवीत. पाकिटावर तोच मजकूर पुन्हा लिहीत, आणि देणेकऱ्याची व साक्षीदारांची मुद्रा त्यावर उमटवीत. बाहेरच्या मजकुरात कोणी खाडाखोड केली, तर पाकीट फोडून आतला मजकूर पाहता येई. पैसे फिटले की ती पाटी देणेकऱ्याला परत देत आणि ती रद्द करीत. त्यांच्या भाषेत त्याला पाटी ‘मारणे’ म्हणत. हा शब्द मला फार आवडला. फिटलेली चिठ्ठी जिवंत राहू द्यायची नाही, नाही तर ती दुसऱ्यांदा मागायला उठते. आणि न फिटलेली चिठ्ठी मरू द्यायची नाही. साऱ्या उधारीचे मर्म एवढ्यात आले.

आपल्या देशी पद्धतीतही हेच मर्म आहे. रोजकीर्दीत दिवसाच्या क्रमाने सर्व व्यवहार लिहायचे. जमा डावीकडे, नावे उजवीकडे. मग त्यावरून खतावणीत प्रत्येकाचे वेगळे खाते पाडायचे. कीर्दीवरून आज काय घडले ते कळते. खतावणीवरून कोणाकडे काय राहिले ते कळते. लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो, ती काही कागदाची पूजा नव्हे. “उधारीचे पोते सव्वा हात रिते” ही म्हण आपल्या आज्या सांगत. ते सव्वा हात नेमके कोठे रिते झाले, हे वही सांगते.

वही हाती घेतल्यावर मीही हेच केले. माल देताना कार्बन लावून दोन प्रती, त्यावर घेणाऱ्याची सही आणि चिठ्ठीचा क्रमांक. प्रत्येक दुकानाला खतावणीत एक पान. पैसे आले की पावती, आणि पावतीवर कोणत्या क्रमांकाच्या चिठ्ठीचे पैसे, ते लिहायचेच. आता पुष्कळजण फोनवरून पैसे पाठवितात. फोन वाजतो, बाराशे रुपये आले असे सांगतो. पण ते कोणत्या खेपेचे, हे काही तो सांगत नाही. म्हणून मी त्याच दिवशी विचारून क्रमांक लिहून घेते आणि ती चिठ्ठी रेघ मारून ‘मारते’. दर महिन्याच्या सभेत तीस दिवसांवरची आणि साठ दिवसांवरची बाकी मोठ्याने वाचून दाखविते. पहिल्या पहिल्यांदा काहीजणींना हे अवघड वाटले. ओळखीच्या दुकानदाराचे नाव असे वाचू नये, असेही म्हणणे पडले. पण माझा अनुभव असा की, जे सर्वांसमोर वाचले जाते त्यावरून कुजबूज होत नाही.

कायदाही आपल्यासारख्या लहान उद्योगांच्या बाजूला आहे, हे पुष्कळ भगिनींना ठाऊक नसते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचा माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे दिले पाहिजेत, आणि ती मुदत लेखी ठरवूनही पंचेचाळीस दिवसांपलीकडे नेता येत नाही. काहीच ठरले नसेल तर पंधरा दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तसेच १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशांचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. म्हणून जुन्या बाकीवर देणेकऱ्याकडून वेळेत, सहीनिशी कबुली घेऊन ठेवणे शहाणपणाचे. आपल्या उद्योग विभागाचीही २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी करावी, अशी माझी या लेखाद्वारे कार्यकारिणीला विनंती आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला. ते ऐंशी रुपये उसने होते, देणगी नव्हती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. उसने घेतलेले फेडायचे असते, आणि फेडायचे तर हिशेब हवाच.

आता त्या वहिनींविषयी. डब्यातल्या सर्व चिठ्ठ्या मी तारखेवार लावल्या, आणि दुकानवार पाने पाडली. तिसऱ्या रात्री उलगडा झाला. त्या दुकानदाराने श्रावणातल्या एका खेपेचे पैसे खरोखर दिले होते. वहिनींनी ते त्याच दिवशी मंडळात भरलेही होते. पण घाईघाईत आम्ही ते दुसऱ्याच एका दुकानाच्या नावावर जमा धरले होते. त्या दुसऱ्या दुकानाची बाकी त्यामुळे शून्य दिसत होती, म्हणून तिकडे कोणी मागायला गेलेच नाही. दुकानदार खोटे बोलत नव्हता, वहिनी तर मुळीच नाहीत. खोटी होती ती आमची वही. किंबहुना वही नव्हतीच. तो कागद त्याला दाखविल्यावर बाकीच्या खेपांचे पैसे त्याने दोन हप्त्यांत चुकते केले.

मी वहिनींच्या घरी गेले. कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि जे घडले ते सांगून क्षमा मागितली. त्यांनी कागदांकडे पाहिलेही नाही. म्हणाल्या, “मी पैसे भरले होते, हे मला ठाऊकच होते हो. पण तुम्हाला ठाऊक नव्हते ना!” एवढे बोलून त्या चहा टाकायला उठल्या. मला तो चहा गिळवेना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आल्या, आणि तेव्हापासून पुन्हा नियमाने येत आहेत. आज वसुली त्याच करतात, मी लिहिते.

हिशेब म्हणजे अविश्वास, असे आपल्या बायकांच्या मनात कोठेतरी बसलेले आहे. मैत्रिणीकडून पावती कशी मागायची, घरच्या माणसाकडे पैसे कसे मागायचे, असा संकोच आपल्याला वाटतो. मलाही वाटत असे. सातवीपर्यंतच शाळा झालेली. चारचौघींत उभे राहून आकडे वाचायचे म्हटले की हात कापत. पण वही नव्हती म्हणूनच आम्ही एका चांगल्या बाईवर संशय घेतला. वही असती तर घेतला नसता. लमस्सीने नऊ वस्त्रे कुलुमायाबरोबर आणि तीन इद्दिन-सिनबरोबर असे लिहिले, ते त्या दोघांवर तिचा विश्वास नव्हता म्हणून नव्हे. वाटेत काही कमी पडले तर उगाच भलत्यावर बोट जाऊ नये, हेही त्या लिहिण्याने साधत असले पाहिजे.

कार्बनची नवी वही या महिन्यात आणली आहे. ज्यांच्याकडे माल जाईल त्यांनी कृपा करून सही घेतल्याशिवाय पिशवी हातची सोडू नये, एवढे सांगून हा लेख पुरा करते.